नसांचं दुखणं आणि दोन अर्ध्या मात्रा

दिवसभर कामाच्या नादात फारसं जाणवत नाही, पण अंथरुणाला पाठ टेकली की तळपायांची आग सुरू होते. मग पंखा पायांकडे वळवायचा, पाय थंड फरशीवर टेकवायचे, ओलं फडकं गुंडाळायचं, असं रात्रभर चालतं. पांघरुणाचा काठ बोटांना लागलेला सहन होत नाही, आणि त्याच पायातली चप्पल निसटून मागे राहिली तर पत्ता लागत नाही. जुना मधुमेह असलेली माणसं डॉक्टरांना हेच सांगतात. नागीण होऊन गेलेल्यांची तक्रार वेगळी असते. फोड सुकले, खपल्या पडल्या, घरचे म्हणाले बरं झालं. पण महिने उलटले तरी बरगडीवर सदरा नुसता घासला की वीज चमकल्यासारखी कळ येते.

दोन्ही दुखण्यांवर आधी घरातली नेहमीची गोळी घेऊन पाहिली जाते, पॅरासिटामॉल नाहीतर आयब्युप्रोफेन. फरक पडत नाही. मार लागला, सूज आली, दात दुखला, तर नसा त्या जागची खबर मेंदूला देतात. इथे खबर देणारी नसच आजारी असते. दारात कोणी नसताना वायर शॉर्ट होऊन बेल वाजत राहावी, तसं हे आहे. सूज उतरवणारी गोळी अशा वेळी कशावर काम करणार? वैद्यकशास्त्रात याला चेताविकारजन्य वेदना म्हणतात. बोलताना आपण ‘नसांचं दुखणं’ म्हणतो, आणि तो शब्द पुरेसा नेमका आहे. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांनुसार 100 प्रौढांमागे साधारण 7 ते 10 जणांना ते कमीअधिक प्रमाणात असतं. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत देशातल्या मधुमेहींचा अंदाज 10 कोटींच्या पुढे गेला. त्यातल्या कितीतरी घरांत रात्री पायाकडे पंखा वळवलेला असणार.

या दुखण्याला औषधं आहेत. ती लागूही पडतात, पण लागू पडेल एवढा डोस अनेकांना झेपत नाही. खरी अडचण इथे आहे, आणि तीवर काढलेला एक उपाय मला फार मोलाचा वाटतो: एकाच औषधाचा डोस चढवत नेण्याऐवजी वेगळ्या वाटेनं काम करणारी दोन औषधं थोड्या थोड्या मात्रेत द्यायची.

वेगळी वाट म्हणजे काय, हे समजायला नसेपासून मेंदूपर्यंतचा रस्ता पाहायला हवा. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की चेतातंतू आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या दोन्ही खराब होतात. सगळ्यात लांब तंतू आधी सापडतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते आणि त्रास मोजे चढावेत तसा वर सरकतो. नागिणीत लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मणक्यालगतच्या चेतागाठींत दबा धरून बसलेला असतो. वय झालं, अंगातली प्रतिकारशक्ती घटली की तो उठतो आणि त्या एका नसेच्या वाटेनं त्वचेवर येतो. म्हणून फोडांचा पट्टा अंगाच्या एकाच बाजूला असतो. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, ही भीती अजूनही घराघरांत आहे. ती मनातून काढून टाकावी. त्या नसेची हद्द शरीराच्या मध्यरेषेपाशी संपते, म्हणून पट्टा तिथेच थांबतो.

नस दुखावली की तीन ठिकाणी बिघाड होतो. पहिला नसेतच. तिच्या पडद्यावर सोडियम आत सोडणाऱ्या सूक्ष्म वाटा नको तिथे गर्दी करतात आणि कोणी स्पर्श न करताही ती संदेश पाठवू लागते. दुसरा मज्जारज्जूत, जिथे ही नस आपला संदेश पुढच्या पेशीच्या हाती देते. तिथे कॅल्शियमच्या वाटांचा अल्फा-2-डेल्टा नावाचा भाग वाढतो, संदेशवाहक रसायनं जास्त सांडतात आणि पुढची पेशी हळवी होऊन बसते. मग पांघरुणाचा स्पर्शही ती वेदना म्हणूनच पुढे ढकलते. मज्जारज्जूतला हा हळवेपणा क्लिफर्ड वूल्फ यांनी 1983 साली प्राण्यांवरच्या प्रयोगात दाखवून दिला. तिसरा बिघाड वरून खाली येणाऱ्या लगामात. मेंदूच्या बुंध्यातून मज्जारज्जूकडे काही तंतू उतरतात, ते नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि सेरोटोनिन सोडून वेदनेचा आवाज खाली आणतात. नसांच्या दुखण्यात हा लगाम ढिला पडतो.

आता औषधांकडे पाहू. यातली बहुतेक औषधं वेदनेसाठी जन्मलेली नाहीत. अ‍ॅमिट्रिप्टिलिन 1961 पासून नैराश्यावर दिलं जाई. 1982 मध्ये टोरांटोच्या पीटर वॉटसन यांनी नागिणीनंतरच्या वेदनेवर ते तपासलं, तेव्हा बहुतेकांचं दुखणं मनःस्थितीत काही बदल न होताच कमी झालं. वेदनेवरचा त्याचा परिणाम नैराश्यावरच्या परिणामाहून स्वतंत्र आहे, हे त्यातून दिसलं. अ‍ॅमिट्रिप्टिलिन, त्याचंच शरीरात तयार होणारं रूप नॉरट्रिप्टिलिन आणि नंतर आलेलं ड्युलॉक्सेटिन ही तिन्ही तो वरचा लगाम आवळतात. गॅबापेंटिन अमेरिकेत 1993 मध्ये अपस्माराचं औषध म्हणून आलं. मेंदूतल्या गॅबा या रसायनाच्या धर्तीवर ते घडवलं होतं, पण त्या रसायनाच्या जागी ते बसतच नाही. बसतं ते मज्जारज्जूतल्या अल्फा-2-डेल्टावर. नागिणीनंतरच्या दुखण्यासाठी त्याला 2002 मध्ये मान्यता मिळाली आणि त्याच घराण्यातलं प्रीगॅबालिन 2004 मध्ये आलं. नसेतल्या सोडियमच्या वाटा बंद करणारी कार्बामॅझेपिन आणि लिडोकेन ही औषधं वेगळीच. कार्बामॅझेपिन चेहऱ्याच्या नसेच्या भयंकर कळांवर उत्तम चालतं, तळपायांच्या आगीवर त्याचा तेवढा भरवसा नाही.

ही औषधं किती चालतात? 2015 मध्ये नाना फिनेरुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला. वेदना निम्म्यावर येण्याचा लाभ एका माणसाला निव्वळ औषधामुळे मिळावा म्हणून किती जणांना ते द्यावं लागतं, हा तो हिशेब. अ‍ॅमिट्रिप्टिलिनच्या गटात हा आकडा 3.6 आला, ड्युलॉक्सेटिनच्या गटात 6.4, गॅबापेंटिनसाठी 6.3 आणि प्रीगॅबालिनसाठी 7.7. एकट्या औषधावर पूर्ण समाधान होणारी माणसं थोडीच आहेत, हे या आकड्यांवरून स्पष्ट दिसतं. मग साहजिकच डोस वाढवला जातो. ‘गोळीनं आग कमी झाली हो डॉक्टर, पण सकाळी उठल्यावर तोल जातो,’ हे वाक्य त्यानंतर येतं. कोणी म्हणतं दिवसभर गुंगीत असतो, कोणाचे घोटे सुजतात, कोणाचं वजन चढतं. अ‍ॅमिट्रिप्टिलिनवर असलेल्याच्या तोंडाला इतकी कोरड पडते की भाकरीचा घास गिळायला पाणी लागतं. सत्तरीतला माणूस रात्री लघवीला उठला, चक्कर येऊन पडला आणि खुब्याचं हाड मोडलं, तर पायांची आग बरी होती असं म्हणायची वेळ येते. बरेच जण या टप्प्यावर कोणालाही न सांगता गोळी बंद करतात.

डोस वाढवल्यावर फायदा त्याच पटीत वाढतो, असा आपला समज असतो. गॅबापेंटिनचं उदाहरण तो समज पार मोडून काढतं. ते आतड्यातून आपोआप झिरपत नाही. आतड्याच्या भिंतीतले वाहक त्याला उचलून रक्तात नेतात आणि हे वाहक मोजकेच असतात. दिवसाला 900 मिलिग्रॅम तीन वेळा विभागून घेतलं तर त्यातलं सुमारे 60 टक्के रक्तात पोचतं. 3600 मिलिग्रॅम घेतलं तर जेमतेम 33 टक्के. म्हणजे 900 पैकी 540 आणि 3600 पैकी सुमारे 1200 मिलिग्रॅम कामी आलं. गोळ्या चौपट झाल्या, रक्तातलं औषध दुपटीहून थोडं जास्त. प्रीगॅबालिन जवळपास पूर्णपणे शोषलं जातं, तिथे ही अडचण नाही. पण त्याची चक्कर आणि गुंगी डोसबरोबर वाढत जातात.

रक्तदाबाच्या औषधांत हेच कोडं आधी सुटलं होतं. माल्कम लॉ आणि निकोलस वाल्ड या ब्रिटिश संशोधकांनी 354 चाचण्यांचा गोषवारा 2003 मध्ये मांडला. नेहमीच्या डोसनं वरचा रक्तदाब सरासरी 9.1 अंकांनी उतरत होता, निम्म्या डोसनं 7.1 अंकांनी. डोस अर्धा केला तरी फायद्याचा पाचवा भागच गेला. दुष्परिणाम मात्र बऱ्याच औषधांच्या बाबतीत झपाट्यानं खाली आले. म्हणून वेगवेगळ्या जातींची दोन-तीन औषधं थोड्या मात्रेत देणं एकाच औषधाच्या मोठ्या डोसपेक्षा शहाणपणाचं, असं त्यांनी सांगितलं. एकापेक्षा जास्त औषधं एकत्र देणं आपल्याला नवं नाही. क्षयरोगात आणि कुष्ठरोगात ते दशकांपासून चालत आलं आहे. पण तिथे एका औषधातून निसटलेला जंतू दुसऱ्यानं मारला जावा, हा उद्देश असतो. आणि औषधं पूर्ण डोसात दिली जातात. इथला उद्देश निराळा: परिणाम जुळावेत आणि त्रास विखुरला जावा.

नसांच्या दुखण्यात ही कल्पना नीट कसोटीला लावली कॅनडात, किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातल्या इयान गिलरॉन यांनी. त्यांची चाचणी 2005 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. ती जवळून पाहण्यासारखी आहे. तीत 57 माणसं होती, 35 मधुमेहाच्या नसांनी त्रस्त आणि 22 नागिणीनंतरच्या वेदनेनं. प्रत्येकाला पाळीपाळीनं चार उपचार मिळायचे: एकटं मॉर्फिन, एकटं गॅबापेंटिन, दोन्ही एकत्र आणि नुसता भास. एकेक पाळी पाच आठवड्यांची. कुठली पाळी कशाची, हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. भासाच्या कॅप्सूलमध्ये त्यांनी साखरेची भुकटी भरली नाही, थोडं लोराझेपाम भरलं. त्यानं जराशी गुंगी येते, त्यामुळे ‘मला काहीच होत नाही, म्हणजे ही खोटी गोळी’ असं कोणाला ओळखता आलं नसतं. चाचणी किती बारकाईनं आखली होती, हे मला या एका गोष्टीतून कळतं.

प्रत्येक पाळीत डोस सोसवेल तिथवर चढवला जाई, आणि रुग्ण 0 ते 10 च्या पट्टीवर रोज वेदना लिहीत. सुरुवातीची सरासरी 5.72 होती. भासाच्या पाळीत ती 4.49 झाली, गॅबापेंटिननं 4.15, मॉर्फिननं 3.70 आणि दोन्ही मिळून 3.06. याहून महत्त्वाचे डोसचे आकडे आहेत. एकटं घेताना मॉर्फिन सरासरी 45.3 मिलिग्रॅमपर्यंत चढलं, जोडीत 34.4 वर थांबलं. गॅबापेंटिन एकटं 2207, जोडीत 1705. म्हणजे दोन्ही औषधं पाव हिश्शानं कमी आणि आराम मात्र दोघांपैकी कोणाही एकट्यापेक्षा जास्त. पण त्रास नाहीसा झाला असं मात्र नाही. जोडीत बद्धकोष्ठता एकट्या गॅबापेंटिनपेक्षा जास्त होती आणि तोंडाची कोरड एकट्या मॉर्फिनपेक्षा जास्त. 57 पैकी 41 जणच सगळ्या पाळ्या पार करू शकले. नसांच्या दुखण्यावर मॉर्फिनसारखी औषधं आज अगदी शेवटी आणि जपून वापरली जातात, त्यामुळे ही विशिष्ट जोडी नेहमीच्या वापरात आली नाही. पण तत्त्व सिद्ध झालं.

चार वर्षांनी याच गटानं जास्त व्यवहार्य जोडी तपासली, नॉरट्रिप्टिलिन आणि गॅबापेंटिन. 2009 मध्ये द लॅन्सेटमध्ये आलेल्या या चाचणीत 56 जण होते आणि पाळ्या सहा आठवड्यांच्या. 5.4 वरून वेदना गॅबापेंटिननं 3.2, नॉरट्रिप्टिलिननं 2.9 आणि जोडीनं 2.3 वर आली. जोडीवर असताना झोपही सुधारली. 2.9 आणि 2.3 मधलं अंतर कागदावर लहान दिसतं. पण सहा महिने रात्री दोन वाजता उठून बसणाऱ्याला मधला फरक तीन-चार तासांच्या सलग झोपेचा असू शकतो, म्हणून मी त्याला लहान म्हणणार नाही.

दोन औषधं एकत्र आल्यावर परिणामाची नुसती बेरीज होते की त्याहून जास्त काही, यावर औषधशास्त्रात जुना आणि बारीक वाद आहे. एका अक्षावर पहिल्या औषधाचा डोस, दुसऱ्यावर दुसऱ्याचा, आणि सारखाच परिणाम देणारे बिंदू जोडणारी रेष, अशा आलेखांनी तो सोडवला जातो. उंदरांत अशी वाढीव जुळणी अनेकदा दिसते. माणसात ती सिद्ध करणं कठीण असतं, आणि माझ्या मते रुग्णासाठी तिची गरजही नाही. नुसती बेरीज झाली तरी पुरेसं आहे, फक्त अट एक: दोन्ही औषधांचे त्रास एकाच जागी साचू नयेत. ड्युलॉक्सेटिननं मळमळतं, प्रीगॅबालिननं चक्कर येते. हे दोन त्रास वेगळे आहेत. अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणि प्रीगॅबालिन दोन्ही गुंगी आणतात, म्हणून त्या जोडीत डोस फार सावकाश वाढवावा लागतो.

निव्वळ उत्साहात वाहून जाऊ नये म्हणून दुसरी बाजूही पाहायला हवी. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉम्बो-डीएन नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीनं नेमका तो प्रश्न विचारला जो कोणालाही सुचेल. 60 मिलिग्रॅम ड्युलॉक्सेटिन किंवा 300 मिलिग्रॅम प्रीगॅबालिननं ज्यांचं भागलं नाही, त्यांच्यातल्या काहींना त्याच औषधाचा दुप्पट डोस दिला, काहींना 60 आणि 300 ची जोडी. मुख्य कसोटीवर दोन्ही गट जवळपास सारखे निघाले, जोडीचा कल थोडा चांगला पण फरक ठाम नाही. त्याआधी 2012 मध्ये कॉक्रेन गटानं 21 चाचण्या तपासून म्हटलं होतं की अमुकच जोडी वापरा असं सांगण्याइतका पुरावा हाती नाही, आणि मॉर्फिनवर्गीय औषधांच्या जोडीत दुष्परिणामांमुळे सोडून जाणाऱ्यांची संख्या वाढते.

या सगळ्याचा मेळ ज्या चाचणीनं उत्तम घातला ती ऑप्शन-डीएम. शेफील्डच्या सॉलोमन तेस्फाये यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटनमधल्या 13 केंद्रांत ती झाली, 2022 मध्ये लॅन्सेटमध्ये आली आणि 130 मधुमेहींनी तीत औषधं घेतली. यात ‘एक की दोन’ असा झगडा लावला नाही, डॉक्टर प्रत्यक्षात जसं करतात तसं केलं. आधी सहा आठवडे एकच औषध, सोसेल तेवढं. त्यानंतरही वेदना 10 पैकी 3 च्या वर असेल तरच दुसरं जोडायचं आणि 16 आठवड्यांअखेर मोजायचं. अ‍ॅमिट्रिप्टिलिनला प्रीगॅबालिन, प्रीगॅबालिनला अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिनला प्रीगॅबालिन, असे तीन मार्ग. प्रत्येक रुग्णानं पाळीपाळीनं तिन्ही मार्गांनी जावं, अशी आखणी होती. तिन्हींत वेदना 6.6 वरून 3.3 वर आली, बरोबर निम्मी. दुसरं औषध जोडावं लागलेल्यांना त्या टप्प्यात सरासरी आणखी एका अंकाचा उतार मिळाला, एकट्या औषधावर राहिलेल्यांना 0.2 चा. अर्थात दुसऱ्या गटाचं दुखणं आधीच खाली आलेलं होतं, हेही ध्यानात ठेवायला हवं. त्रास मात्र मार्गागणिक वेगळे होते: प्रीगॅबालिनपासून सुरू केलेल्यांना चक्कर जास्त, ड्युलॉक्सेटिनवाल्यांना मळमळ, अ‍ॅमिट्रिप्टिलिनवाल्यांना तोंडाची कोरड.

म्हणजे वेदनेच्या दृष्टीनं तिन्ही मार्ग सारखे असतील, तर निवड रुग्णाच्या अंगाकडे पाहून करायची. प्रोस्टेट वाढलेल्या, लघवी अडखळणाऱ्या, हृदयाच्या ठोक्यांत गडबड असलेल्या किंवा काचबिंदूच्या माणसाला अ‍ॅमिट्रिप्टिलिन टाळावं. ज्याला झोप नाही आणि बाकी प्रकृती ठीक आहे, त्याला रात्रीची 10 मिलिग्रॅमची गोळी दोन्ही कामं करते. नैराश्य असलेल्याला ड्युलॉक्सेटिन जवळचं, यकृत बिघडलेल्याला ते नको. मूत्रपिंडं थकलेली असतील तर गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन साठत जातात, कारण ती जशीच्या तशी लघवीतूनच बाहेर पडतात. जुन्या मधुमेहींत मूत्रपिंडं थकलेली असण्याची शक्यता मोठी, म्हणून आधी क्रिएटिनिन तपासल्याशिवाय डोस ठरवू नये.

इथे मला आपल्याकडच्या दुकानांबद्दल बोलायचं आहे. प्रीगॅबालिन 75 आणि नॉरट्रिप्टिलिन 10, प्रीगॅबालिन आणि मिथाइलकोबालामिन, त्यात वर अल्फा लिपोइक अ‍ॅसिड, अशा तयार मिश्र कॅप्सूल औषधाच्या दुकानात भरपूर मिळतात. वर सांगितलेल्या चाचण्यांचं सगळं यश डोस माणसागणिक मागे-पुढे करण्यात होतं. एका कॅप्सूलमध्ये दोन्ही बांधून टाकली की ती मोकळीक जाते. चक्कर येते म्हणून प्रीगॅबालिन कमी करायचं तर नॉरट्रिप्टिलिनही कमी होतं. झोपेसाठी नॉरट्रिप्टिलिन वाढवायचं तर प्रीगॅबालिनही दुप्पट होतं. 75 ने सुरुवात करणं एखाद्या अशक्त आजींना झेपत नाही, त्यांना रात्री 25 पुरतं. मिश्रणाची सोय आहे, गोळ्यांची संख्या कमी होते, हे मान्य. पण ती सोय दोन्ही डोस आधी सुट्या गोळ्यांवर बसले, मगच घेण्याजोगी. पहिल्याच भेटीत लिहून देण्यासारखी ती नाही. भारत सरकारनं 2016 मध्ये 344 आणि पुन्हा 2018 मध्ये 328 तयार मिश्रणांवर बंदी घातली तेव्हा, एकत्र देण्याला आधार काय, हाच प्रश्न मुळाशी होता.

मिथाइलकोबालामिन म्हणजे बी-12. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत आणि शाकाहारींत त्याची कमतरता पुष्कळदा सापडते, आणि त्या कमतरतेनंही पायांना मुंग्या येतात. म्हणून रक्तातलं बी-12 तपासावं आणि कमी असेल तर भरून काढावं. ते पुरेसं असताना सरसकट देण्यात अर्थ नाही. अल्फा लिपोइक अ‍ॅसिड प्रीगॅबालिनला जोडून काही जास्त फायदा होतो का, हे गिलरॉन यांच्याच गटानं अलीकडे तपासलं. जास्तीचा फायदा दिसला नाही.

जोडीसाठी सगळ्यात निरुपद्रवी साथीदार बहुधा त्वचेवरच लावायचा असतो. नागिणीनंतरच्या दुखण्यावर लिडोकेनची 5 टक्क्यांची पट्टी दुखऱ्या जागी चिकटवतात. रक्तात फारच थोडं औषध जातं, त्यामुळे ना गुंगी ना कोरड, आणि पोटात घ्यायच्या गोळीचा डोस खाली राखता येतो. मिरचीतल्या कॅप्सेसिनची तीव्र पट्टीही काही देशांत वापरतात. ज्या ग्राहीवर कॅप्सेसिन काम करतं तो डेव्हिड ज्युलियस यांनी 1997 मध्ये शोधला आणि 2021 चं नोबेल त्यांना त्याच वाटेवरच्या कामासाठी मिळालं. पण नागिणीच्या बाबतीत सगळ्यात चांगला इलाज दुखणं उभं राहण्याआधीचा. फोड दिसल्यापासून 72 तासांत विषाणूविरोधी गोळ्या सुरू करायच्या. मंत्र घालून घेण्यात नि लेप लावण्यात ते तीन दिवस जातात, हे फार वाईट होतं. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी लसही 2023 पासून भारतात मिळते. महाग आहे, पण परवडत असेल तर जरूर घ्यावी.

जोडीचे धोकेही सांगायला हवेत. आधीच अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलॉक्सेटिन चालू असताना पाठदुखीसाठी कोणी ट्रॅमाडॉल लिहून दिलं, तर शरीरात सेरोटोनिनचा अतिरेक होऊ शकतो: थरथर, घाम, ताप, बेचैनी, धडधड. गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिनच्या जोडीला झोपेची गोळी, मॉर्फिनवर्गीय औषध किंवा दारू आली, तर श्वास मंदावतो. वृद्धांत आणि दम्यासारख्या फुफ्फुसाच्या विकारांत धोका जास्त, आणि याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं डिसेंबर 2019 मध्ये उघड इशारा दिला. ब्रिटननं त्याच वर्षी एप्रिलमध्ये ही दोन्ही औषधं नियंत्रित यादीत टाकली. म्हणून हाडांचे डॉक्टर, मधुमेहाचे डॉक्टर आणि घरचे डॉक्टर यांच्या सगळ्या चिठ्ठ्या एकत्र दाखवणं इथे औषधाइतकंच गरजेचं ठरतं. शेजारच्यांना लागू पडली म्हणून त्यांच्या पाकिटातली गोळी आपल्या गोळीला जोडून घेणं तर अजिबात नको.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ही औषधं वेदनेचा आवाज कमी करतात, मेलेला तंतू जिवंत करत नाहीत. आग थांबली म्हणजे पायाला जाणीव परत आली असं नाही. उलट आग गेल्यावर पायाकडे लक्ष जाईनासं होतं आणि खिळा रुतलेला, चपलेनं सोललेलं समजत नाही. रोज रात्री गोळी घेताना दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहायच्या, वाकता येत नसेल तर आरसा खाली धरून किंवा घरच्यांकडून. साखर आटोक्यात ठेवणं हे तर मूळच.

प्रत्यक्षात जोडी लागते कशी? पहिलं औषध लहान डोसनं रात्री सुरू होतं आणि आठवड्याआठवड्यानं वाढतं. एका वहीत तारीख, 0 ते 10 मधला वेदनेचा आकडा, झोपेचे तास आणि त्रास एवढंच लिहायचं. पुरेशा डोसवर निदान काही आठवडे गेल्याशिवाय ‘चालत नाही’ असा शेरा मारू नये, कारण ही औषधं दोन दिवसांत निकाल देत नाहीत. आकडा थोडा उतरला पण पुढचा डोस झेपेना, तर पहिलं आहे तिथेच किंवा एक पायरी खाली ठेवून दुसरं जोडायचं. काहीच फरक पडला नाही, तर ते हळूहळू काढून दुसरं एकटंच द्यायचं. निरुपयोगी औषधावर दुसरं रचण्यात काही हशील नाही. दोन्ही औषधं एकाच दिवशी सुरू करू नयेत, नाहीतर चक्कर कशानं आली ते कळायला मार्ग राहत नाही.

काही महिने आराम टिकला की दोन्ही अजून लागतात का, हे पाहण्याची वेळ येते. यातलं कुठलंच औषध एकदम तोडायचं नाही. अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणि ड्युलॉक्सेटिन अचानक बंद केल्यानं अस्वस्थता आणि मळमळ होते, गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन अचानक थांबवल्यास झोप उडते, घाम फुटतो, अपस्मार असलेल्याला झटकाही येऊ शकतो. म्हणून डॉक्टर एका वेळी एकच औषध, बहुधा जास्त त्रास देणारं, दर आठवड्याला थोडं थोडं उतरवतात आणि वहीतला आकडा कसा हलतो ते पाहतात. आकडा पुन्हा चढला तर त्याच्या आधीच्या पायरीवर परत यायचं, आणि त्या माणसाचा डोस तोच.